जुन्या डब्यात अमॅरिलिस
पहिल्यांदाच कंद लावताय ना, मग ट्यूलिपच्या मागे लागू नका. त्याला कडक थंडी लागते. अमॅरिलिस घ्या, आपल्याकडे मार्च ते मे दरम्यान छान फुलते. तेलाचा पत्र्याचा डबा, गळकं पातेलं, काहीही चालेल, पण बुडाला भोकं हवीतच. चिनी मातीच्या बरणीत कुंडी नुसती आत बसवा, साचलेलं पाणी ओतून टाकत जा. कंदाची मान आणि वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवा, नाहीतर तो कुजतो. कोंब येईपर्यंत पाणी बेताचंच. फुलं सुकली की दांडा कापा, पानं मात्र अजिबात कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्याच जोरावर येतं. आणि घरात मांजर असेल तर डबा उंचावर ठेवा, कंद विषारी असतो.