दुखतच नाही, तर लेझर कशावर टेस्ट करणार?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात कमी ताकदीच्या लेझरने दुखणं कमी होतं का याची टेस्ट आहे आणि त्यासाठी धडधाकट मुलं हवीत म्हणे. तिला काहीच दुखत नाही, मग कळणार काय? आणि लेझरने भाजणार तर नाही ना?

उत्तर : ताई, काही दुखत नाही म्हणूनच तिला बोलावलंय! दुखणाऱ्या गुडघ्यात वय, सूज, गोळ्या, रात्रीची झोप, सगळंच मिसळलेलं असतं, त्यामुळे फरक लेझरने पडला की आपोआप हे सांगता येत नाही. धडधाकट माणसाला दुखणं आपण मोजून देतो. अल्गोमीटर नावाचं यंत्र असतं, त्याचं रबरी टोक स्नायूवर हळूहळू दाबत जायचं आणि दाब वाटायचं थांबून दुखायला लागलं की तिने लगेच ‘आता’ म्हणायचं, तो आकडा लिहायचा, मग लेझर द्यायचा आणि परत मोजायचं. काही ठिकाणी बर्फाच्या पाण्यात हात ठेवायला लावतात, नको वाटला की काढायचा.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे खोटा लेझर, म्हणजे तुलनेसाठी प्रकाश बंद ठेवून नुसतंच लावलेलं मशीन. ८०८ किंवा ९०४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे मशीन नुसतं बीप वाजवत बसलं तरी मुलीला कळत नाही, आणि मोजणाऱ्यालाही ते माहीत नसावं, नाहीतर त्याचाच हात हलका पडतो.

भाजण्याचं म्हणाल तर हा ऑपरेशनचा लेझर नाही, ताकद साधारण अर्ध्या वॉटच्या आत असते आणि त्वचा फारशी तापत नाही. पण डोळ्यांना धोका खराच आहे, त्यामुळे खोलीतल्या प्रत्येकाला त्या लेझरसाठीचाच गॉगल पाहिजे, साधा काळा चष्मा चालणार नाही. उन्हाची ॲलर्जी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तिने आधीच सांगावं.

डोसचंही विचारू दे तिला, किती ज्यूल (म्हणजे किती ऊर्जा), किती सेकंद, कारण इथे जास्त दिला म्हणजे जास्त फायदा असं नाही, उलट परिणाम कमीही होतो.

आणि हो, निकाल चांगला आला तरी लगेच तुमच्या कंबरेसाठी लेझरचं पॅकेज घेऊ नका. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मानदुखीच्या १६ चाचण्या, ८२० पेशंट एकत्र तपासले तेव्हा फायदा दिसला होता, पण ते मान दुखणारे खरे पेशंट होते, कॉलेजातल्यासारखी धडधाकट मुलं नव्हेत, आणि कंबरदुखीबद्दल पुरावा अजून एवढा पक्का नाही.

संमतीपत्र तिने घरी आणून वाचावं, एथिक्स कमिटीची (अशा चाचण्या योग्य आहेत का हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी बघावी. मधेच सोडायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि सर रागावतील म्हणून हो म्हणायचं नाही, हे तिला तुम्हीच सांगा.