आधी शंभर कार्डे, मग कॅमेरा

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी बारावीत, वाणिज्य शाखेत शिकते. मोबाइलवर ती सुंदर छायाचित्रे काढते आणि त्यांची शुभेच्छापत्रे छापून विकायची तिची इच्छा आहे. त्यासाठी ती सत्तर हजारांचा कॅमेरा मागते आणि बारावीनंतर कॉलेजला न जाता हेच करणार म्हणते. आम्ही काय करावे? – एक आई, डिचोली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली दहा छायाचित्रे मी सावकाश पाहिली. त्यांपैकी सहा समुद्रावरच्या सूर्यास्ताची आहेत. ती चांगली आहेत, परंतु तशी चित्रे गोव्यात येणारा प्रत्येक पर्यटक स्वतःच काढून नेतो. मात्र गणपतीसमोर जमिनीवर बसून वर पाहत टिपलेली आपल्या घरची माटोळी, म्हणजे नारळ, सुपारीचे घोस आणि रानफळे यांनी भरलेले ते छतच, पाहून मी थांबलो. चवथीला गावी येऊ न शकणाऱ्या भावाला किंवा मुलाला पाठवावे असे ते चित्र आहे. शुभेच्छापत्र घेणारा माणूस छायाचित्राची परीक्षा करत नसतो. हे कोणाला आणि कोणत्या निमित्ताने पाठवता येईल, एवढेच तो पाहतो, आणि हा फरक आपल्या कन्येला उमगला तर तिचे निम्मे शिक्षण झाले असे मी समजेन.

कॅमेरा आत्ताच घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, लागतात. म्हणजे ५ बाय ७ इंचांच्या कार्डाला १५०० बाय २१०० पिक्सेल पुरतात, आणि १२ मेगापिक्सेलच्या साध्या मोबाइलचे चित्र सुमारे ४००० बाय ३००० पिक्सेलचे असते. म्हणजे कार्डापुरता मोबाइल पुरेसा आहे. पडद्यावर झळकणारे रंग कागदावर मात्र मंद होतात, म्हणून पूर्ण छपाईआधी छापखान्यातून एक नमुना काढून घ्यावा. कागद साधारण ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असावा आणि निदान आतली बाजू तरी गुळगुळीत चकचकीत नसावी, कारण तिथे पेनाने लिहायचे असते आणि चकचकीत कागदावर शाई पसरते.

आता पैशांचा हिशेब. एक उदाहरण धरू या : छपाई, पाकीट आणि पारदर्शक पिशवी मिळून एका कार्डाला २० रुपये खर्च आला आणि विक्रीची किंमत ६० रुपये ठेवली. दुकानदार माल जांगड ठेवून घेईल, म्हणजे विकला गेल्यावरच पैसे देईल, आणि त्यातले ४० टक्के स्वतःकडे ठेवील. हातात ३६ रुपये येतील. शंभर कार्डांचा खर्च २००० रुपये, तो भरून निघायला ५६ कार्डे विकली जावी लागतील, आणि ७० विकली गेली तर नफा ५२० रुपये. तिला हा हिशेब स्वतःच्या हाताने वहीत मांडू द्या. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, तिला तो माझ्यापेक्षा नेटका जमेल. या आकड्यांवर आज संसार चालणार नाही हे तिला आपण सांगण्यापेक्षा वहीने सांगितलेले बरे.

चवथीला अजून अडीच महिने आहेत. चार चित्रे, प्रत्येकाची २५ कार्डे, आणि ती सणाच्या महिनाभर आधी डिचोली, म्हापसा, पणजी येथील दोनतीन दुकानांत ठेवावीत. त्यानंतरची संधी नाताळची. तिची कार्डे नोव्हेंबरातच दुकानात हवीत.

हक्कांच्या बाबतीत काळजी घ्यावी. स्वतः काढलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट तिचाच आहे, आणि १९५७ च्या कायद्यानुसार तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. परंतु कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. शिगम्यातील कलाकार किंवा बाजारातील विक्रेत्या बाई ओळखू येत असतील, तर त्यांची लेखी संमती घ्यावी. भिंतीवर दुसऱ्याने काढलेले चित्र आपल्या कार्डावर विकू नये. आणि तिला अठरा पूर्ण होईपर्यंत दुकानदाराशी करार आपण पालक म्हणून करावा.

कॉलेज सोडण्याचा विचार मला मुळीच पटत नाही, पण तो रागावून मोडून काढू नका. पणजीत आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. तिथे उपयोजित कला शिकता येते, म्हणजे अक्षरलेखन, मांडणी, छपाई आणि जाहिरात, जे तिच्या या कामाला थेट उपयोगी आहे. तिची ओढ हिशेबाकडे निघाली तर बी.कॉम. करतानाही कार्डांचा व्यवसाय वाढवता येईल. दोन्हींपैकी काय, हे चवथीच्या विक्रीनंतर तिच्याशी बसून ठरवू. तेव्हा तिला घेऊन जरूर या, वही विसरू नका.

तोपर्यंत माटोळीच्या त्या चित्राची मूळ फाइल तिला मोबाइलमध्ये शोधून जपून ठेवायला सांगा. मला व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत आकसलेली आहे. तिच्यावरून कार्ड छापता येणार नाही.