‘नजाकत’ म्हणजे नाजूकपणा नव्हे

प्रश्न असा आहे: ‘त्यांच्या बोलण्यात नजाकत आहे’ म्हणजे बोलणं नाजूक आहे, असं समजायचं का? आणि लिहायचं नजाकत, नझाकत की नज़ाकत?

‘नाजूक’ आणि ‘नजाकत’ यांचं मूळ एकच, फारसी ‘नाझुक’. शरीफवरून शराफत, लतीफवरून लताफत, त्याच अरबी साच्यात हा फारसी शब्द घालून ‘नझाकत’ घडवला गेला. तुर्कीत हाच शब्द ‘नेझाकेत’ होऊन थेट सौजन्य या अर्थाने चालतो.

मराठीत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नाजूकपणा अंगचाच असतो: काचेच्या पेल्याचा, तान्ह्या बाळाच्या मानेचा. नजाकत मात्र कमवावी लागते. कसब पुरेपूर आहे आणि तरी हात हलका ठेवलाय, असं दिसलं की ती नजाकत. म्हणून गुंडाप्पा विश्वनाथच्या लेट कटमध्ये नजाकत. षटकार कितीही देखणा असला तरी तो तडाखाच. ठुमरीतल्या मुरकीत ती असते, आणि बैठकीच्या लावणीत तर फारच, कारण तिथे बसल्या जागी डोळे, मान आणि बोटं एवढ्यावरच अदा पेलायची असते. खोक्यावर मात्र ‘नजाकतीने हाताळा’ नको. तिथे ‘जपून’च हवं.

शेजारच्या शब्दांशीही गल्लत होते. डौल चालण्याचा, उभं राहण्याचा. रुबाबात अधिकार असतो. नखऱ्याला बघणारा लागतो, नजाकतीला लागतोच असं नाही. लालित्य सर्वात जवळचं, पण ते लेखनात आणि नृत्यात जास्त रुळलंय. पानाचा विडा लावण्यात ‘लालित्य आहे’ म्हटलं की जड वाटतं.

शब्द स्त्रीलिंगी, आणि किंमत–किमतीने, हिंमत–हिमतीने तसंच नजाकत–नजाकतीने. ‘नजाकतेने’ ही चूक सुंदरता–सुंदरतेने या घडणीवरून होते. इथे शेवटी ‘ता’ नाहीच. विशेषण नजाकतदार. पुरुषांबद्दलही बिनदिक्कत वापरावा.

‘प्रसंगाची नजाकत ओळखून’ ही हिंदीची छाया. मराठीत प्रसंग नाजूक असतो, आणि आपण त्याचं गांभीर्य ओळखतो.

लेखन नजाकत हेच. मराठीच्या लिपीत नुक्ता (अक्षराखालचं टिंब) नाही आणि त्याची गरजही नाही: ‘नाजूक’ आणि ‘जागा’ यांतला ज आपण दंततालव्यच, म्हणजे जीभ दातांजवळ नेऊन, उच्चारतो, तोच इथे येतो.