गादी, गॅप आणि तुझा पेशंट

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी फुगल्याचा एमआरआय, आणि आता तो मोजे घालायलासुद्धा आईला हाक मारतो. तू विचारतेस, रिपोर्टप्रमाणे चालू की पेशंटप्रमाणे? अगं, फिजिओथेरपीची एवढी वर्षं काढून हा प्रश्न? रागावलेलो नाही. म्हणजे, थोडासा रागावलोय.

त्याला हलव.

उद्या कमरेचा एक सुटा मणका हातात घे. मागच्या कमानीतल्या भोकात करंगळी घाल. त्या मुलाला कुणीतरी ‘वाकलास तर मज्जारज्जू दबेल’ म्हणून घाबरवलंय ना? मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतो तो नसांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. चौथ्या-पाचव्यात रज्जू नाहीच, दबणार काय? एखादी शीर दबू शकते, आणि तीही बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवाचून शांत होते. आता मणक्याचे मागचे सांधे बघ. उभे, आत तोंड केलेले. म्हणून कंबर पुढे-मागे छान वाकते, पण पिळ फारसा घेत नाही. ज्या जागी वाकायचं, तिथेच वाकू नको म्हणून सांगायचं, हे कुठलं शास्त्र?

आणि ‘मणक्यात गॅप’ हा शब्द तुझ्या तोंडून पुन्हा ऐकू नये. पेशंट म्हणतील, म्हणू देत. गादी झिजते तेव्हा दोन मणक्यांमधली जागा कमी होते, वाढत नाही.

तेहतीस मणके, त्यांतले चोवीस सुटे, मध्ये तेवीस गाद्या. मोठ्या वयात गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडातून जे झिरपेल त्यावर ती जगते. दिवसभर दाबाखाली तिच्यातलं पाणी जातं, रात्री आडवं पडलं की परत येतं. सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. मग पाठ इतकी नाजूक कशी असेल? २०१५ साली, पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर विशीतल्या शंभरातल्या तीस जणांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. ऐंशीच्या वयात चौऱ्याऐंशी. तुझ्या पेशंटची गादी फुगलेली असेलही. पण त्याची पाठ तिच्यामुळेच दुखते, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला कसं कळलं?

मी हे एवढं ठासून का सांगतो, ते ऐक. १९८८ साली बाजारसमितीतला एक हमाल आला होता. उसण भरली होती, पायात कळ जात होती. मी त्याला वजनं लावून सहा आठवडे झोपवला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ‘साहेब, जरा उठून फिरू का? बरं वाटंल.’ मी त्याच्यावर ओरडलो. सहा आठवड्यांनी उठला तेव्हा मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या आणि नजरेत भीती होती. पोतं त्याने परत कधी उचललं नाही. तेव्हा सगळेच तसं करायचे, वरिष्ठांचा तसाच आदेश असायचा, मी एकटा काय करणार होतो! खरं आहे. पण दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीची तुलना करणारा अमेरिकेतला अभ्यास १९८६ सालीच छापून आला होता. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले, बाकी फरक शून्य. मी तो वाचला १९९५ मध्ये. वाचनालय माझ्या खोलीपासून दोन मजले वर होतं.

म्हणून म्हणतो, हलव. मात्र पेशंट म्हणाला की बसायच्या जागी बधिर वाटतंय, लघवी कळत नाही किंवा अडतेय, दोन्ही पाय लुळे पडताहेत, तर व्यायाम वगैरे काही नाही. त्याच तासाला सर्जनकडे. ताप, वजन घटणं, पडल्याचा मार, हेही आधी विचारून घेत जा. त्यापलीकडे घाबरण्याचं काम त्याचं नाही आणि तुझंही नाही.

कमरेचा पट्टा सोडव, हळूहळू. पहिल्या दिवशी खुर्चीत बसून गुडघ्यापर्यंत हात, मग नडगी, मग घोटा. दुखेल थोडं. दुखणं म्हणजे मोडणं नव्हे, हे तू सांगून त्याला पटणार नाही, वाकल्यावर पटेल.

बुधवारी तो आला की बूट त्याचे त्यालाच काढायला सांग. आईला बाहेर बसव. किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघ आणि मला कळव.

तुझा,
सर