विर्क्सवर्थच्या दगडखाणी: जा, पण खाण आणि गाव एकत्र बघा

तुमचा प्रश्न असा आहे: डर्बीला शिकायला आलोय, विर्क्सवर्थ नावाच्या बाजाराच्या गावाभोवती जुन्या दगडखाणी आहेत असं कळलं, तिथे एक रविवार घालवण्यासारखं काही आहे का, की नुसते खड्डे?

आहे, आणि एक रविवार कमी पडेल. मी पेशाने स्थापत्य अभियंता आहे. खडी, चुना, सुरुंग, क्रशर हे माझ्या रोजच्या कामातले शब्द, आणि नोकरीमुळे डर्बीशायरमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. इंग्लंडमध्ये देखण्या गावांना तोटा नाही. पण एखादं गाव कशावर उभं राहिलं, कशामुळे मोडकळीला आलं आणि पुन्हा कसं सावरलं, हे सगळं चालत्या पायांनी दगडावर वाचता येतं असं दुसरं ठिकाण मला तरी ठाऊक नाही. म्हणून माझा आग्रह एकच: खाणी आज आणि गाव नंतर कधीतरी, असं करू नका. वरून सुरुवात करा आणि दगडाच्या मागोमाग खाली गावात उतरा.

गावाच्या उत्तरेला, पोर्टर लेनवर नॅशनल स्टोन सेंटर आहे. बंद पडलेल्या सहा चुनखडक खाणींच्या जागेवर ते 1990 मध्ये सुरू झालं. इमारतीत फार रेंगाळू नका, पायवाट धरा. खाणीच्या उभ्या भिंती समोर येतील. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी ही जागा विषुववृत्ताजवळ, उथळ आणि उबदार समुद्राखाली होती. त्या समुद्राच्या तळाशी रीफची, म्हणजे समुद्री जीवांपासून बनलेल्या चुनखडकाची टेकाडं साचली, आणि आज तुम्ही त्या टेकाडांच्या उतारावरून चालता. नजर थोडी सरावली की दगडात चकत्या दिसायला लागतात, अगदी बटणांच्या ढिगासारख्या. ते क्रिनॉइडचे, म्हणजे समुद्रलिलींचे देठ. काही ठिकाणी देठ विरघळून आतला साचा तेवढा उरला आहे, त्याला इथले लोक 'डर्बीशायर स्क्रू' म्हणतात. ब्रॅकिओपॉडचे शिंपले आणि प्रवाळ तर भिंतीभर आहेत.

आपल्यासारख्या सह्याद्रीच्या माणसाला हे फार वेगळं वाटतं. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. गडाच्या तटबंदीत तुम्ही शिंपला शोधायला गेलात तर जन्म जाईल. इथला दगड मात्र मुख्यतः जीवांच्या सांगाड्यांचाच बनलेला आहे. घरांच्या भिंती, फरशा, रस्त्याखालची खडी, सगळ्यात तो समुद्र आहे. मला ही गोष्ट अजूनही जुनी होत नाही.

पायवाटेवरच मिलेनियम वॉल लागते. ब्रिटनच्या वेगवेगळ्या भागांतल्या कारागिरांनी आपापल्या दगडाने आणि आपापल्या पद्धतीने बांधलेले कोरड्या भिंतीचे 19 तुकडे तिथे ओळीने उभे आहेत. चुना नाही, सिमेंट नाही. कोकणातला गडगा ज्यांनी रचताना पाहिलाय त्यांना इथे घाई करवणार नाही. दोन्ही तोंडांनी मोठे दगड, मधे चिपांची भर, ठरावीक उंचीवर आरपार जाणारा बांधदगड, वरच्या बाजूला निमुळती होत गेलेली जाडी आणि डोक्यावर उभ्या दगडांची रांग. नियम साधारण सारखेच, पण दगड पातळ फुटणारा आहे की गोलसर, यावर भिंतीचा चेहरा बदलतो. तिथे उभं राहून प्रत्येक तुकड्यात बांधदगड कुठे आहे ते शोधा. नंतर डर्बीशायरमधल्या कुठल्याही शेताची भिंत तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

आता त्याच जमिनीतला दुसरा धंदा. दगडाच्या आधी इथे शिसं होतं. चुनखडकाच्या भेगांमध्ये शिशाच्या शिरा आहेत आणि स्टोन सेंटरच्या आवारातच त्या काढण्यासाठी खणलेल्या 120 हून अधिक खाणविहिरी सापडल्या आहेत. 835 सालच्या एका सनदेत विर्क्सवर्थची जमीन देताना कँटरबरीच्या चर्चला दरवर्षी शिसं पोचवायची अट घातलेली आहे. 1086 च्या डोम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, इथल्या तीन शिसेकामांची नोंद आहे. खाणकऱ्यांचे हक्क 1288 मध्ये चौकशी करून लिहून ठेवले गेले. त्या कायद्याने माणसाला शिशाच्या शोधात जवळजवळ कुठेही खणता येत असे, मालक कोणी का असेना. चर्चचं आवार, बागा, फळबागा आणि हमरस्ते एवढेच अपवाद. आणि खाण मिळवून जो ती चालवत नसे, त्याच्या रहाटाच्या लाकडी चौकटीवर अधिकारी खाच पाडत. खाचा पुरेशा झाल्या की खाण दुसऱ्याच्या नावावर. कसेल त्याची जमीन म्हणतात तसं खणेल त्याची खाण, आणि तेही मध्ययुगात.

खाणींवरून होणारे वाद बारमोट कोर्टात, म्हणजे शिशाच्या खाणींच्या खास न्यायालयात सुटत. चॅपेल लेनमध्ये 1814 मध्ये बांधलेलं त्याचं सभागृह, मूट हॉल, अजून उभं आहे आणि त्यात 1513 सालचं पितळी माप आहे, आठव्या हेन्रीच्या काळातलं. त्यात साधारण 14 पाइंट, म्हणजे आठेक लिटर धातुक मावतं. राजाचा हिस्सा याच प्रकारच्या मापाने मोजला जाई. कोर्ट आजही वसंत ऋतूत भरतं, आणि पंचांना ब्रेड, चीज, तंबाखू आणि मातीची चिलीम द्यायची रीत पाळली जाते. मूट हॉल एरवी बहुधा बंद असतो, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर कोरलेली मापं आणि अवजारं बघून समाधान माना.

खाणकऱ्यांच्या हाताला कधी शिशाऐवजी भलतंच लागे. 1822 मध्ये गावाजवळच्या ड्रीम माइनमध्ये शिशाच्या शिरेमागे जाताना ते एका गुहेत शिरले आणि तिथे लोकरी गेंड्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला.

दगडाच्या धंद्यात विर्क्सवर्थचं नाव मोठं झालं ते शेजारच्या मिडलटन आणि हॉप्टन इथल्या 'हॉप्टन वुड स्टोन'मुळे. शास्त्राने हा चुनखडकच, पण इतका घट्ट आणि बारीक की संगमरवराची झिलई घेतो. फिकट, दुधाळ-करडा रंग आणि आत क्रिनॉइडचे काप. लंडनमधल्या संसद भवनात तो आहे. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत शिल्पकार जेकब एपस्टाइनने लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्यावर जो पंख असलेला आकार कोरला, तो याच दगडाच्या सुमारे 20 टनांच्या ठोकळ्यातून. पण मला सगळ्यात जास्त आत जाऊन भिडतं ते दुसरंच काम. पहिल्या महायुद्धानंतर मृत सैनिकांच्या समाधिशिला घडवायला लागल्या. बहुतेक दक्षिण इंग्लंडमधल्या पोर्टलंडच्या दगडाच्या आहेत, पण लाखाहून जास्त शिला या डोंगरातल्या दगडाच्या झाल्या. नाव, पलटण, तारीख, एकेक करून. एवढ्याशा गावांतल्या पाथरवटांनी हजारो अनोळखी पोरांची नावं कोरण्यात वर्षं घालवली. खाणीला 'नुसता खड्डा' म्हणताना निदान मला तरी ते आठवतं.

मिडलटनला पुढे जमिनीखालूनही चुनखडक काढला गेला. खांब सोडत आडवी खोदाई करायची अशी ती पद्धत. ती खाण 1959 मध्ये सुरू झाली आणि 2006 मध्ये बंद पडली. आत जाता येत नाही. त्याऐवजी मिडलटन टॉपला जा. क्रॉमफर्ड आणि हाय पीक रेल्वेचं 1829 चं वाफेवरचं बीम इंजिन तिथे आपल्या मूळ घरात आहे. साधारण सव्वाआठास एक अशा चढावरून ते दोरखंडाने वाघिणी ओढायचं. रुळांच्या जागी आता चालायची वाट झाली आहे. स्टीपल ग्रेंजला याच रेल्वेच्या खाणीकडे जाणाऱ्या जुन्या फाट्यावर स्वयंसेवक छोटी गाडी चालवतात, मुलं बरोबर असतील तर ती चुकवू नका.

आता खाली गावात या. बाजारपेठेची सनद 1306 ची, बाजाराची जागा अजून उतारावरच. उतरताना भिंतींकडे बघा: अनघड चुनखडकाची भर आणि कोपऱ्यांना, खिडक्या-दारांना घडीव ग्रिटस्टोन, म्हणजे भरड वालुकाश्म. याला कारण आहे. चुनखडकाचा डोंगर इथे संपतो आणि पूर्वेला वालुकाश्म सुरू होतो, त्यामुळे गवंड्याला दोन्ही हाताशी होते. चुनखडक वाकडातिकडा फुटतो, ग्रिटस्टोन छिन्नीला ऐकतो. एकाच भिंतीत तुम्हाला भूगर्भातली सीमा दिसते.

मग द डेल या गल्लीत वर चढा. हा भाग मी कधीच घाईत करत नाही. घरांच्या मागेच डेल क्वारी आहे, गावकऱ्यांच्या तोंडी 'बिग होल'. बाजारापासून काही मिनिटांवर प्रचंड कडा. विसाव्या शतकात यांत्रिक खोदाई आणि क्रशर आले, सुरुंगांचे हादरे आणि पांढरी धूळ घरादारावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माणसांच्या फुप्फुसांवर बसायला लागली. लोक घरं सोडून गेले, छपरं कोसळली. ज्या दगडाने गाव बांधलं त्यानेच ते गाडायला घेतलं होतं. 1978 मध्ये सिव्हिक ट्रस्ट या संस्थेने इथे पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. काही मोडकी घरं दुरुस्त करून विकली, दुकानं परत चालू व्हावीत म्हणून प्रयत्न केले, आणि मुख्य म्हणजे स्थानिक लोकांना बरोबर घेतलं. 1983 मध्ये त्याला युरोपा नोस्ट्रा हा वारसा-जतनाचा युरोपीय पुरस्कार मिळाला. आज तुम्हाला जी सुबक घरं दिसतात त्यांच्यातली कित्येक तेव्हा पाडायच्याच लायकीची समजली जात होती. कोणी सांगेल की खाण म्हणजे गावाच्या चेहऱ्यावरचा व्रण, झाडी लावून झाकावा. मला ते पटत नाही. कडा दिसत राहिला पाहिजे, म्हणजे घरांची किंमत कळते.

वर स्टोनी वुडमध्येही जुनी खाणच होती, ती भरून तिथे झाडं लावली. 2011 मध्ये तिथे स्टारडिस्क झालं: 12 मीटर व्यासाचं वर्तुळ, काळ्या ग्रॅनाइटवर उत्तर गोलार्धाचं आकाश कोरलेलं. फोटो सगळे त्याचेच काढतात. माझं मत विचाराल तर संध्याकाळी गावाच्या छपरांकडे बघायला ती उत्तम जागा आहे, पण वेळ कमी असेल तर ती सोडा आणि सेंट मेरी चर्चमध्ये जा. तिथे विर्क्सवर्थ स्टोन आहे. सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचं शवपेटीचं झाकण, ख्रिस्ताच्या आयुष्यातल्या प्रसंगांनी गजबजलेलं. 1820 मध्ये जमिनीखाली पालथं सापडलं, म्हणून कोरीवकाम टिकलं. त्याच चर्चमध्ये हातभर उंचीचा सुद्धा नसेल असा एक खाणकरी भिंतीत बसवलेला आहे, खांद्यावर कुदळ, हातात बादलीसारखी टोपली. 'टाउड मॅन' म्हणतात त्याला. तो मूळचा शेजारच्या बॉन्सल गावचा. राजे, बिशप यांच्या पंक्तीला कष्टकरी माणूस दगडात कोरून ठेवलेला क्वचितच भेटतो, तेव्हा त्याच्यासमोर जरा थांबा.

जायचं कसं, तर डर्बीहून थेट बस आहे, अंतर वीस-बावीस किलोमीटर. डफील्डहून एकल्सबोर्न व्हॅलीची हेरिटेज गाडी ठरावीक दिवशी असते, वेळापत्रक आधी बघून ठेवा. ही लाइन 1867 ची, आणि प्रवासी गाड्या बंद झाल्यावरही कित्येक वर्षं ती चालली ती इथला दगड वाहून नेण्यासाठीच.

बूट पकड असलेले घाला, ओला चुनखडक साबणासारखा निसरडा होतो. पायवाट सोडून झुडपांत शिरू नका, जुन्या खाणविहिरींवरची सगळीच झाकणं भरवशाची नसतात. बंद खाणींच्या कुंपणापलीकडे जायचं नाही, कडे सुटलेले असतात. शिशाच्या जुन्या ढिगाऱ्यांवर मे-जूनमध्ये छोटी पांढरी फुलं दिसतील, स्प्रिंग सँडवर्ट. शिसं पचवणारी म्हणून तिला इथे 'लेडवर्ट' म्हणतात. ती बघा, पण त्या मातीत हात घातलात तर डबा उघडण्याआधी धुऊन घ्या. आणि स्टोन सेंटरमध्ये हातोडी नेऊ नका. ती जागा संरक्षित आहे, जीवाश्म काढायला मनाई आहे. साधं भिंग न्या, दहा पटीचं असलं तर उत्तम.