दुकानातल्या मशीनला फोन टॅप करून पैसे देताना फोनच्या कव्हरमधल्या कार्डातूनही पैसे कापले जातात का?

कापले जाऊ शकतात, पण दोनदा नाही. एका टॅपला मशीन एकाच कार्डाचा व्यवहार करतं. कव्हरात कार्ड असलं की मशीनला फोनची आणि कार्डाची अशा दोन चिपा एकदम दिसतात. मग बहुतेकदा एरर येते, नाहीतर जे आधी वाचलं गेलं त्यातून रक्कम जाते. माझं नागपुरात धरमपेठेत औषधांच्या दुकानात तेच झालं: फोनवर क्रेडिट कार्ड निवडलेलं, ६४० रुपये मात्र कव्हरातल्या डेबिट कार्डातून गेले. घरी येऊन मेसेज पाहिला तेव्हा कळलं.

म्हणून कार्ड पाकिटात ठेवा. दोन-तीन इंचांचं अंतर पुरतं, कारण एनएफसी (टॅप ज्यावर चालतं ते बिनतारी तंत्र) चारेक सेंटीमीटरपलीकडे चालत नाही.

खरी काळजी प्लास्टिकच्या कार्डाची घ्या. फोनमध्ये कार्डाचा खरा नंबर जात नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे त्याच्या जागी दिलेला वेगळा नंबर, वापरलं जातं, शिवाय फोन अनलॉक करावा लागतो. हरवलेल्या कार्डावर मात्र ५,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता टॅप होतं. म्हणून आधीच बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचं कॉन्टॅक्टलेस, म्हणजे टॅपची सोय, बंद करा. चिप घालून, पिन टाकून ते चालतंच.

पण कार्ड घरी ठेवून निघू नका. मे महिन्यात सीताबर्डीवर उन्हात फिरताना फोन तापून बंद पडला, तर एटीएमसाठी हाताशी तेच असतं. एकच कार्ड घ्या, बाकीची घरी राहू द्या.