मेंदूवर संशोधन करायचंय? मग संख्याशास्त्र टाळू नकोस

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेप्सिस झाल्यावर आजोबा आम्हाला ओळखेनासे झाले होते. त्याविषयीचे शोधनिबंध वाचायला घेतले, तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. डॉक्टर न होता मला यात संशोधन करता येईल का?

उत्तर : नक्की करता येईल. सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद. त्यात जंतू मेंदूत न शिरताही मेंदूचं काम बिघडतं. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर सैल पडतो, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी खवळतात. हे उलगडण्यात न्यूरोसायन्स (मेंदू आणि चेतासंस्थेचा अभ्यास) आणि इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास) यांतल्या लोकांचा मोठा वाटा आहे. आजोबांचं विसरणं अजून चालू असेल, तर डॉक्टरांना जरूर सांग. बरं झाल्यावरही असा त्रास बराच काळ राहू शकतो.

निबंधांचा मेळ का नाही, हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. या बिघाडासाठी एखादी ठाम रक्तचाचणी नाही, इतर कारणं वगळत निदान करावं लागतं. त्यात अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला अनेकदा गुंगीची औषधं चालू असतात. एका अभ्यासाने असे रुग्ण धरले आणि दुसऱ्याने वगळले, की आकडे बदलणारच. यात खोटेपणा नाही.

झायग्रिस या औषधाचंच बघ. एका मोठ्या चाचणीच्या जोरावर 2001 मध्ये अमेरिकेत त्याला गंभीर सेप्सिससाठी मान्यता मिळाली. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि 2011 मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. योआखिम बोल्ट यांचं प्रकरण मात्र गैरप्रकाराचं. या जर्मन भूलतज्ज्ञाचे शंभराहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

म्हणून पदव्युत्तर शिक्षणाला न्यूरोसायन्स घे, पण सोबत जैवसंख्याशास्त्र पक्कं कर. प्रयोगशाळेत मन रमलं नाही, तर क्लिनिकल चाचण्यांचं विश्लेषण किंवा नियतकालिकांसाठी आकडेवारीची तपासणी हीसुद्धा पूर्ण वेळची कामं आहेत. मला ती दुय्यम वाटत नाहीत.

आत्ता न जुळणारे दोन निबंध समोर ठेव. रुग्ण कसे निवडले, गुंगीच्या औषधांचा हिशेब कसा धरला, त्यातला एखादा मागे घेतला गेलाय का, हे लिहून काढ. क्लिनिकल चाचणी असेल तर चाचणीच्या नोंदणीत आधी जाहीर केलेला मुख्य निकष (ज्यावरून उपचाराचा उपयोग ठरवायचा तो) आणि निबंधात छापलेला निकष एकच आहे का, तेही ताडून बघ. हे टिपण घेऊन संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना भेट.